कयाकने कोकण किनारा: नागपूरहून निघण्याआधी

दिवाळीचा फराळ संपत आला की नागपुरातल्या महालातून आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून एकाच तऱ्हेची विचारणा सुरू होते. कुणी मालवणला अर्धा तास कयाक चालवून आलेलं असतं, कुणी नुसते व्हिडिओ पाहिलेले असतात. दोघांनाही आता किनाऱ्याकिनाऱ्याने चार-पाच दिवसांची मोहीम करायची असते: दिवसा वल्हवायचं, संध्याकाळी एखाद्या निवांत पुळणीवर उतरायचं, सकाळी पुन्हा निघायचं. हौस चांगली आहे आणि कोकणात ती भागवताही येते. पण तेच ते प्रश्न दरवर्षी येतात. पोहता येत नाही, चालेल का? डिसेंबर बरा की मे? हवा बिघडली तर पैसे परत मिळतात का? आणि आयोजक भरवशाचा आहे हे नागपुरात बसून कसं ओळखायचं?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. मोहिमेच्या पैशांतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ‘आज निघायचं नाही’ असं सांगू शकणारा मार्गदर्शक. तो नसेल तर नवी कोरी कयाक आणि समुद्रकाठचा तंबू यांचा काही उपयोग नाही.

आधी हे ठरवा: फेरी हवी की मोहीम?

तारकर्लीला किंवा देवबागला मिळते ती बहुधा फेरी. वर मोकळं बसायची, रुंद, प्लास्टिकची कयाक. खाडीचं संथ पाणी. काठ हाकेच्या अंतरावर. उलटली तर तुम्ही आपसूक बाहेर पडता. ज्यांनी आजवर वल्हं हातात धरलेलं नाही, त्यांनी पहिल्यांदा हेच करावं, आणि तेही दोन-तीन दिवस.

मोहिमेची कयाक वेगळी असते. लांब, अरुंद, वरून बंद. पुढे-मागे सामानाचे पाणीबंद कप्पे. बसायच्या खळग्यावर कमरेभोवती ताणून बसवलेलं आवरण, त्याला स्प्रे स्कर्ट म्हणतात. ही उलटली की तुम्ही डोकं खाली, पाय आत अशा अवस्थेत पाण्याखाली असता. तिथून सुटण्याची रीत सोपी आहे: स्कर्टच्या पुढच्या टोकाची पट्टी आधी पुढे आणि मग वर ओढायची, दोन्ही हात कडेला टेकून कंबर मागे ढकलायची, की माणूस बाहेर. पण ही रीत अंगात भिनलेली हवी. पाण्याखाली गांगरलेला माणूस पट्टी सोडून कयाकच चाचपडत बसतो. म्हणून कमरेएवढ्या पाण्यात, मार्गदर्शक शेजारी उभा असताना, हे तुमच्याकडून करवून घेतल्याशिवाय जो मोहीम सुरू करतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. यात तडजोड नको.

सामान भरलेली कयाक तासाला चार-पाच किलोमीटर जाते. दिवसाला पंधरा ते वीस किलोमीटर पुष्कळ झाले. ‘रोज तीस-पस्तीस किलोमीटर’ असं पत्रकात दिसलं तर ती मोहीम नवख्यांसाठी नाही. कौस्तुभ खाडे यांनी २०१६-१७ मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा किनारा कयाकने पार केला, तेव्हा शांजली शाही किनाऱ्याने सायकलवरून त्यांच्या साथीला होत्या. त्यांच्या प्रवासामुळे पुष्कळांना हुरूप आला, येणारच. पण त्यामागे वर्षांचा सराव आणि किनाऱ्यावरून सतत मिळणारी साथ होती, हे विसरू नका.

पोहता येत नसेल तर

लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगतं ठेवतं, हे खरं. पण नाकातोंडात पाणी गेल्यावर धीर सुटू न देण्याचं काम जॅकेटचं नाही. माझं मत स्पष्ट आहे: फेरीला पोहता आलं नाही तरी चालेल, मोहिमेला नाही. निदान पन्नास मीटर न थांबता पोहता यावं आणि खोल पाण्यात दहा मिनिटं स्वस्थ तरंगता यावं. आज येत नसेल तर या हिवाळ्यात फेरी करा, उन्हाळ्यात नागपुरातल्या पोहण्याच्या तलावावर नाव घाला आणि मोहीम पुढच्या हिवाळ्यात ठेवा. वर्षभर थांबल्याने समुद्र कुठे जात नाही.

कधी जायचं

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा अरबी समुद्रातल्या वादळांचा असतो. २००९ चं फयान नोव्हेंबरातच कोकणावर आलं होतं. मार्चपासून ऊन आणि वारा दोन्ही वाढतात. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते म्हणून गर्दी होते, पण तेव्हा समुद्र पावसाळ्याच्या तयारीला लागलेला असतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. दरवर्षी साधारण २६ मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद ठेवण्याचे आदेश निघतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. या काळात कुणी ‘आमची ओळख आहे, सोय करू’ म्हणत असेल तर तिथेच बोलणं थांबवा.

दिवसाचं वेळापत्रक वारा ठरवतो. शाळेच्या भूगोलातले मतलई आणि खारे वारे इथे अंगावर येतात. पहाटे जमिनीकडून मंद वारा असतो, पाणी गुळगुळीत. दुपारी बारा-एकनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे दिसू लागतात. म्हणून चांगली मोहीम उजाडताच पाण्यात आणि जेवणाच्या वेळेला किनाऱ्यावर असते. याच वाऱ्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणं सोयीचं. मालवणहून वेंगुर्ल्याला जाताना दुपारचा वारा पाठीशी राहतो, उलट आलात तर तो छातीवर घ्यावा लागतो.

आता भरती-ओहोटी. नागपूरकराला ही सवय नसते, पण भिंतीवरची दिनदर्शिका इथे कामाला येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण: पाणी खूप चढतं, खूप उतरतं, प्रवाह जोरकस. अष्टमीच्या आसपास भांग: फरक कमी, प्रवाह मवाळ. पहिल्या मोहिमेसाठी भांगाचे दिवस निवडा. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेबही ठाऊक असू द्या. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती; ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. मुंबई-अलिबागकडे हा हिशेब बराच जुळतो, मालवणकडे भरती त्याच्या आधी येते. मार्गदर्शकाकडे त्या बंदराचा छापील तक्ता हवाच. पण दिवस निवडताना हा हिशेब घरबसल्या पुरतो.

कोणता टप्पा निवडाल

खरा खडकाळ, फारशी वस्ती नसलेला किनारा हवा असेल तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण ते वेंगुर्ला हा टप्पा पाहा. समुद्राने तीस-पस्तीस किलोमीटरचं अंतर, तीन-चार दिवसांत आरामात होणारं. मालवणहून तारकर्ली, देवबाग, मग कर्ली नदीचं मुख, पलीकडे भोगवे, किल्ले निवती, पुढे खवणे, कोंडुरा, वायंगणी आणि वेंगुर्ला. भोगव्यानंतर जांभ्याचे कडे थेट पाण्यात उतरतात आणि मधल्या खाचांत छोट्या पुळणी लपलेल्या आहेत. या कड्यांखाली मोबाइलची रेंज जाते, आणि लाट कड्यावर आपटून परत फिरते तेव्हा पाणी सगळ्या बाजूंनी उसळतं. दृश्य म्हणून सुंदर, वल्हवायला अवघड. कड्यापासून चांगलं अंतर राखून जाणाऱ्या मार्गदर्शकाला फोटोसाठी ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका.

या टप्प्यावरची सर्वांत नाजूक जागा म्हणजे देवबागच्या टोकाची कर्लीची मुखवाट. तिथे वाळूचा दांडा आहे. ओहोटीला नदीचं पाणी जोराने बाहेर येतं, समोरून समुद्राची लाट आत येते, आणि उथळ दांड्यावर दोघांची गाठ पडली की लाट उभी राहून फुटते. काठावरून पाहणाऱ्याला पाणी साधंच वाटतं. कयाकमध्ये बसलेल्याला डोक्याच्या उंचीची भिंत दिसते. हीच जागा भरती पूर्ण होताना ओलांडली तर बहुधा त्रास होत नाही. म्हणून आयोजकाला एकच प्रश्न विचारा: “कर्लीचं मुख तुम्ही किती वाजता ओलांडणार आणि तीच वेळ का?” जो तुमच्या तारखेची भरती सांगून उत्तर देतो, त्याला तो किनारा ठाऊक आहे.

वेंगुर्ला रॉक्स म्हणजेच निवतीच्या दीपगृहाचे खडक नकाशावर मोह पाडतात. ते किनाऱ्यापासून फार आत आहेत, आणि तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वीण होते. पहिल्या मोहिमेत त्यांचा विचारच करू नका.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

फोनवर विचारा, पण उत्तरं लेखी मागवा. व्हॉट्सअॅपवर आली तरी चालतील, पुढे उपयोगी पडतात.

- नोंदणी आहे का? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रमाणपत्राचा फोटो मागा. त्यावरचा उपक्रम, नाव आणि मुदत वाचा. पॅराग्लायडिंगच्या नोंदणीवर समुद्रात नेता येत नाही. किनाऱ्यावरच्या जलक्रीडेला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते, तीही विचारा.
- मार्गदर्शक कोण, आणि तोच येणार का? प्रशिक्षण कुठे झालं, जीवरक्षक आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे का? गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था अशी प्रशिक्षणं देते. करारात मार्गदर्शकाचं नाव घालून घ्या.
- एका मार्गदर्शकामागे किती जण? खुल्या समुद्रात पाच-सहांहून जास्त नकोत.
- साथीला यांत्रिक होडी आहे का? नवख्यांच्या गटाला ती हवीच, आणि तिच्यावर गावचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, हवा. बुडालेले खडक त्याला तोंडपाठ असतात.
- मदत कशी मागवणार? व्हीएचएफ रेडिओ आहे का, की फक्त मोबाइल? प्रत्येक मुक्कामाहून जवळचा रस्ता आणि दवाखाना कोणता? जिल्ह्याचं मोठं सरकारी रुग्णालय ओरोसला आहे. गंभीर रुग्ण तिथून बहुतेक वेळा गोव्याला बांबोळीला हलवतात. हे आयोजकाला पाठ हवं.
- सागरी पोलिसांना कळवलं आहे का? २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होड्यांची चौकशी होते, आणि ती योग्यच आहे. मुक्कामांची यादी आधी दिलेली असावी. ओळखपत्र प्रत्येकाच्या अंगावरच्या पाणीबंद पिशवीत असावं.
- महिलांसाठी शौचाची आणि कपडे बदलण्याची सोय काय? विचारायला संकोचू नका. चार दिवस पाणी कमी पिऊन काढणं उन्हात धोक्याचं ठरतं.

‘काही होत नाही हो, आम्ही रोज जातो’ हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला आलं तर दुसरा आयोजक शोधा.

नागपुरात करायची तयारी

रोज जमिनीवर पाय पसरून, पाठ ताठ ठेवून बसा. अर्ध्या तासात मांडीच्या मागच्या शिरा ओढल्या तर कयाकमध्ये पहिल्याच दिवशी पाय बधिर होतील. महिनाभराच्या सरावाने फरक पडतो. वल्हं हातांनी चालत नाही, कमरेतून वळून चालतं. म्हणून पोट आणि पाठ यांचे व्यायाम करा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नौकाविहार चालतो; तिथे किंवा जवळच्या दुसऱ्या परवानगी असलेल्या ठिकाणी कयाक मिळत असेल तर वल्हं मारण्याची रीत बसेल. मात्र तलावाला भरती नाही आणि लाट नाही, तेव्हा तलावातल्या आत्मविश्वासावर समुद्राचा अंदाज बांधू नका. आणि आपल्या अंबाझरीत किंवा गांधीसागरात स्वतःची फुगवायची कयाक घेऊन परवानगीविना उतरू नका.

प्रवास लांबचा आहे. नागपूर–मडगाव विशेष गाडी चालू असेल तर ती कुडाळला थांबते आणि तिथून मालवण रस्त्याने जवळ आहे. नसेल तर मुंबई किंवा पनवेलमार्गे जावं लागतं. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सराव आणि तिसऱ्या दिवशी मोहीम, असं ठेवा. परतीच्या तिकिटाआधी एक मोकळा दिवस हवाच. ‘उद्या गाडी आहे, आज काहीही करून पोहोचू’ या घाईने खराब समुद्रात उतरायची वेळ येते.

सामान थोडं न्या. पूर्ण बाह्यांचे पटकन सुकणारे कपडे, दोरी असलेली टोपी, चष्म्याला पट्टा, पायात घट्ट बसणारे जुने बूट, कारण खडकांवर कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. रक्तदाबाची, साखरेची औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक वाहून गेली तर दुसरी राहते. इथलं पाणी कोमट आहे, थंडीने गारठण्यापेक्षा उन्हाने आणि पाणी कमी पडल्याने माणसं जास्त आजारी पडतात. दिवसाला माणशी चार-पाच लिटर पिण्याचं पाणी कोण वाहणार, तेही आयोजकाला विचारा.

परदेशातले नातेवाईक सोबत येणार असतील तर त्यांना आधीच सांगा: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवानगीशिवाय आणता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रांवरून प्रवाशांना अडवलं गेलं आहे.

किनारा दुसऱ्यांचाही आहे

सकाळी पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिथे उतरू नका. रापणीचे दोर पाण्यात लांबवर पसरलेले असतात आणि मधून कयाक गेली तर मासळी बिथरते. त्या एका ओढीवर बऱ्याच घरांचा वाटा असतो. झेंडे आणि बोयांच्या बाहेरून जा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं काही पाणी १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतं. तिथून प्रवाळ, शंख उचलू नका. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी काही पुळणींवर अंडी घालायला येतात. तंबू गावाला विचारून, भरतीच्या रेषेच्या वर लावा. शेकोटी नको, मोठे दिवे नकोत.

मुलं परदेशात असतील आणि तिकडे बोलावत असतील

कॅनडाचा पश्चिम किनारा, नॉर्वे, स्कॉटलंड इथे मार्गदर्शकासह अशा मोहिमा फार जुन्या आहेत आणि व्यवस्थाही चोख असते. पण तिथला मुख्य धोका वेगळा, थंड पाणी. ऊन पडलेलं असलं तरी पाण्यात पडताच श्वास अडकतो आणि काही मिनिटांत हात चालेनासे होतात. कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घालायचे. ड्रायसूट किंवा वेटसूट आयोजक देतो का, हे विचारा, आणि प्रवासविम्यात समुद्री कयाकिंग नावानिशी आहे का तेही पाहा. आपल्याकडच्या साध्या अपघात विम्यातही साहसी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात.

रद्द झालं, फसवलं गेलं, तर तुमचे हक्क

आधी हे लक्षात घ्या की हवेमुळे आयोजकाने मोहीम थांबवली तर ती सेवेतली त्रुटी नाही; त्याने काम नीट केलं. प्रश्न पैशांचा आहे आणि तो आधीच मिटवा. पाण्यात न उतरलेल्या दिवसांचं काय होणार: परतावा, दुसरी तारीख, की खाडीतली फेरी? लेखी घ्या. ‘कोणत्याही परिस्थितीत पैसे परत मिळणार नाहीत’ असं कलम असेल तर बदलून मागा. तुम्हाला स्वतःला एखाद्या सकाळी उतरायची भीती वाटली तर ‘मी आज येत नाही’ म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. त्यासाठी कुणी दडपण आणू शकत नाही.

निघण्यापूर्वी जोखीम मान्य असल्याच्या कागदावर सही घेतात. वाचून सही करा. समुद्राचा स्वाभाविक धोका तुम्ही त्यात मान्य करता. फाटकं जॅकेट, न आलेला मार्गदर्शक, बंदीच्या काळात नेणं यांची जबाबदारी एका सहीने संपत नाही.

दाद मागायची झाली तर हा क्रम ठेवा:

1. पावती, जाहिरात, संदेश आणि फोटो एकत्र करा. रोख दिलेल्या पैशांचीही पावती त्याच दिवशी घ्या.
2. आयोजकाला लेखी कळवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या.
3. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात.
4. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे आयोजक मालवणचा असला तरी तुम्ही नागपूरच्या आयोगात दाखल करू शकता. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. करारातलं कलमच अन्याय्य आहे अशी तक्रार असेल तर ती राज्य आयोगाकडे जाते. त्याचं परिक्रमा खंडपीठ नागपुरात आहे.

आणि हे क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये साठवा, शिवाय जॅकेटच्या खिशात पाणीबंद कागदावर लिहून ठेवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, सर्वसाधारण आपत्कालीन ११२. घरी राहणाऱ्या एकाला रोजच्या मुक्कामाचं गाव, आयोजकाचा आणि तांडेलाचा क्रमांक, आणि ‘संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं’ एवढं लिहून देऊन निघा.